पांढरं पन्नास

अक्कांच्या घरातल्या घड्याळाला आकडे नव्हते. बारा ठिकाणी बारा रेघा होत्या, त्यातल्याही दोन झडलेल्या. मी खोली बघायला गेले त्या दिवशी मला कॉलेजात परत पोचायची घाई होती. घड्याळाकडे बघून काही बोध होईना, म्हणून मी विचारलं, "किती वाजले हो?"

"दुपार झालीया की," अक्का म्हणाल्या.

"हो, पण किती?"

"दुपार म्हणजे दुपार. बाराची काय न् एकची काय, ऊन तेवढंच हाय."

मी गणित शिकवते. माझ्यासारखीला अशी घरमालकीण भेटणं म्हणजे दैवानं केलेली थट्टाच. पण खोली हवेशीर होती, कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि अक्कांनी पहिल्या पाच मिनिटांत शेंगाचटणी-भाकरी पुढं ठेवली होती. मी राहिले. सोलापुरात तीन वर्षं काढली, ती सगळी त्या वरच्या खोलीत.

अक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. त्यांचे यजमान शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कटिंग मास्टर होते. ते गेल्याला बरीच वर्षं झाली होती, पण घरात त्यांची मोठी कात्री अजून खिळ्याला होती आणि आठवड्यातून एकदा अक्का तिला तेल लावायच्या. अक्कांचा उभा जन्म मापांच्या गराड्यात गेलेला. बावीस नंबर, चोवीस नंबर, सव्वीस नंबर. कारखान्यात म्हणे पोरांनाही मापानंच ओळखायचे, "त्या अठ्ठावीस नंबरच्या पोराची चड्डी तयार झाली का?" असं. त्या सगळ्याचा अक्कांना कधीतरी वीट आला असणार. त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं, "नंबर शर्टाला, माणसाला न्हाय."

पुढं पुढं ते वाक्य शर्टाच्या आणि माणसाच्याही पलीकडे गेलं. घरावरची नंबराची पाटी त्यांनी उलटी लावली होती. पोस्टमन ओळखीचा होता म्हणून निभावलं. कॅलेंडर होतं, ते फक्त वरच्या देवाच्या चित्रापुरतं. खालचा तारखांचा भाग कापून त्यात त्यांनी मसाल्याच्या पुड्या बांधल्या होत्या. दिवस त्या पाण्यावर मोजायच्या. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. त्यामुळं "पाण्याचा दिवस", "पाण्याची उद्या", "पाण्याची परवा" असे त्यांचे वार होते. वय विचारलं की म्हणायच्या, "लई झालंय." गंमत म्हणजे त्यांना मोजता यायचं, आणि झकास यायचं. कुणी बघत नाही असं वाटलं की त्या पुटपुटत मोजायच्या, "ओकटी, रेंडु, मूडु..." मी एकदा पकडलं तर म्हणाल्या, "ते तेलुगूत मोजलेलं. तेलुगूत चालतंय."

पाण्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी डाव असायचा. तीन पत्तीचा. माझं कॉलेज सकाळचं, त्यामुळं मी दुपारी मोकळी, आणि आल्याच्या पहिल्याच महिन्यात चौथा भिडू म्हणून माझी भरती झाली. बाकीच्या तिघी म्हणजे स्वतः अक्का, समोर राहणाऱ्या, वैराग गावच्या मावशी आणि आपा.

आपा मागच्या गल्लीतल्या. त्यांनी तीस वर्षं अक्कांच्या यजमानांच्या हाताखालचं काजबटण घरी नेऊन केलं होतं, म्हणजे शर्टांना काजं करायची आणि बटणं लावायची. हजारो शर्ट त्यांच्या बोटांखालून गेले असतील. दुपट्ट्याच्या काठाला दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली. माझ्या कुडत्याचं बटण सैल दिसलं की मला अंगावरचा कुडता काढूही द्यायच्या नाहीत, उभ्या उभ्या दोन मिनिटांत टाका घालून दातानं दोरा तोडायच्या.

तेलुगूत अक्का म्हणजे थोरली बहीण. उर्दूत आपा म्हणजेही थोरली बहीण. या दोघी चाळीस वर्षं एकमेकींना थोरली म्हणत आल्या होत्या आणि धाकटी कोण यावर त्यांचं आजवर एकमत झालं नव्हतं.

"तू थोरली. तुझे केस आधी पिकले," अक्का म्हणायच्या.

"नक्को बोलो अक्का. मैं तो तुमारी शादी में आयी तब छोटीच थी."

"छोटी? कडेवर पोरगं घिऊन आल्तीस की!"

हे प्रत्येक डावाच्या सुरुवातीला व्हायचं. वैरागच्या मावशी पत्ते पिसत बसायच्या आणि म्हणायच्या, "दोगीबी म्हाताऱ्याच हायसा. वाटा आता पानं."

डावात पैसा नव्हता. पैशाऐवजी बटणं होती. कारखान्यातून उरलेली, एका मोठ्या बिस्किटाच्या डब्यात भरलेली चार जातींची बटणं. शर्टाचं पांढरं, पँटचं काळं, फ्रॉकचं लाल आणि ब्लेझरचं पितळी. प्रत्येकीला प्रत्येक जातीची दहा मिळायची. हातात तीन पानं, मधे बटणं टाकत जायचं, शेवटी जिची पानं भारी ती ढीग उचलणार. सगळ्यात जास्त हरेल तिनं चहा करायचा, जिंकेल तिनं वाटीभर चटणी घरी न्यायची.

इथवर सगळं ठीक. पण कुठल्या बटणाची किंमत किती, हे ठरलेलं नव्हतं. मागच्या डावात जी हरली असेल तिनं नव्या डावाला भाव बोलायचा, असा अक्कांचा कायदा. आज पांढरं एक, काळं पाच, लाल दहा, पितळी पन्नास. पाच दिवसांनी काळं पन्नास आणि पितळी एक. एकदा मावशींची म्हैस व्याली तेव्हा त्यांनी "माझ्या म्हशीचं काळं सगळ्यात म्होरं" म्हणून लागोपाठ दोन डाव काळ्याला पन्नासावर बसवलं. आणि हे सगळं डोक्यात ठेवून खेळायचं, कारण लिहायचं नाही हाही कायदाच.

मी पहिल्या दिवशीच हरकत घेतली. "अक्का, बटणांवर मार्करनं आकडे घालू या का? एकदाच. म्हणजे रोजचा घोळ नको."

"आकडा कशाला लागतोय? बटनाला काय किंमत असती व्हय? काज असंल तसं बटन."

"हौ," आपा म्हणाल्या, "ब्लेझर का बटन शर्ट के काज में जाताच नै." त्यांच्या धंद्यातला पुरावा निघाल्यावर मी मार्कर परत पर्समध्ये टाकला. पण मनातून चडफडले. वर्गात मी पोरांना सांगायची, एकक बदललं की सगळं गणित चुकतं, आणि इथं पाच दिवसांनी एकक बदलत होतं. पहिले दोन महिने चहा मीच केला.

नंतर सवय झाली, आणि खरं सांगायचं तर गोडीही लागली. भाव बोलणारीच्या मनात काय आहे ते त्या भावातून कळायचं. मावशी सुनेवर रागावल्या असल्या की लाल बटण एकावर यायचं, कारण सुनेला लाल आवडायचं. मला घरची आठवण आली असेल तेव्हा मी काय बोलायची ते मला आठवत नाही, पण अक्का म्हणायच्या, "मास्तरीण आज उदास हाय, पितळीला पाडलं बग."

दुसऱ्या वर्षी आपांचं चुकायला लागलं. आधी क्वचित. पितळी बटण टाकून "पाँच" म्हणायच्या, मग हसून परत घ्यायच्या. आम्हीही हसायचो, सगळ्यांचंच चुकायचं. मग एका दुपारी त्यांनी मधे लाल बटण ठेवलं, म्हणाल्या, "पचास."

"आपा, लाल आज एक आहे," मी म्हणाले. तोंडातून गेलंच. वर्गात फळ्यावरची चूक दिसली की जशी जाते तशी.

आपांनी बटणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांना भरबाजारात हटकलं होतं. त्यांनी हातातली पानं पालथी ठेवली, "नमाज का टैम हुआ," म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. नमाजाची वेळ नव्हती. अक्का दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी काहीतरी उपाय करायला जाते, हा माझा जुना दोष. मी मोबाइलवरून एक संच मागवला. छान पेटी होती, आत मखमलीच्या खाचांत बसवलेल्या गोल जाड चकत्या. पांढरी, काळी, लाल, हिरवी. प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना ठसठशीत आकडा छापलेला. एक, पाच, दहा, पन्नास. लक्षात ठेवायला नको, चुकायला नको. मी पेटी घेऊन खाली गेले आणि अक्कांपुढे उघडली. त्यांनी एक चकती उचलली, उलटसुलट केली आणि परत खाचेत बसवली.

"हे माझ्या घरात न्हाय चालायचं."

"अक्का, मी आपांसाठी आणलंय हे."

"म्हणूनच न्हाय चालायचं."

मला राग आला. म्हटलं, "तुमच्या आकड्यांच्या हट्टापायी एक म्हातारी बाई रोज चारचौघींत खजील होणार, ते चालतं तुम्हाला?" हे बोलायला नको होतं. अक्कांनी पेटी बंद केली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमी शिकलेल्या. घिऊन जावा वरती." एरवी मला 'तू' म्हणणाऱ्या अक्का 'तुमी' म्हणाल्या, म्हणजे काय ते मी समजले. पेटी कपाटावर टाकून दिली.

पुढच्याच आठवड्यात आपा गल्ली चुकल्या. आमच्याकडे यायला निघाल्या आणि भलत्याच कोपऱ्यावरच्या दूधवाल्याच्या दुकानासमोर तासभर उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा टेंपो चालवायचा. तो संध्याकाळी आला, दारातच उभा राहिला.

"अक्का, अम्मी का आना अब बंद करना पडता. डॉक्टर बी बोले, बाहर नक्को छोडो. उनकू कुछ यादच नै रहता."

"रस्त्याचं ऱ्हाऊ दे. रस्ता मी बी चुकते," अक्का म्हणाल्या. "मी आणीन तिला, मी सोडीन. डावात ती पक्की हाय. एक चूक करत न्हाय."

मी जिन्यात उभी होते. अक्कांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मुलगा वाईट नव्हता, काळजीत होता. म्हणाला, "ठीक है. अगले टैम मैं बैठके देखता. उनो खेल में ठीक रहे तो आने देता. नै तो नै." आपांचं स्वतःच्या घराबाहेर दुसरं काही उरलं नव्हतं. पाच दिवसांतून एक दुपार, चार भिंती, चाळीस वर्षांची मैत्रीण आणि तो डबा. तेवढं आता एका डावावर येऊन ठेपलं.

त्या दिवशी मुलगा खरंच आला. भिंतीला टेकून खुर्चीत बसला. मागच्या वेळी मावशी हरल्या होत्या, त्यांनी भाव बोलला, "पांढरं येक, काळं पाच, लाल धा, पितळी पन्नास." सोपा, सरळ भाव. आपांनी मान हलवली. पानं वाटली. परीक्षेच्या हॉलमधल्या पोरांसारखी मी माझी बटणं पुन्हा पुन्हा मोजली.

पहिली चाल आपांची. त्यांनी पानं बघितली, बटणांवरून बोटं फिरवली, एक पांढरं उचललं आणि मधे ठेवलं.

"पचास," म्हणाल्या.

मुलगा खुर्चीत पुढं झुकला. मी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी आपल्या ढिगातलं एक पांढरं बटण काढलं, आपांच्या बटणाशेजारी ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पन्नास. घे."

मावशींनी एकदा अक्कांकडे, एकदा बटणांकडे पाहिलं. मग त्यांनीही पांढरं टाकलं. "व्हय, पन्नासच की."

पाळी माझी आली. माझ्या चिमटीत पितळी बटण आधीच होतं, खरं पन्नासाचं. मी ते हळूच परत ढिगात सोडलं, पांढरं उचललं आणि मधे ठेवलं. "पन्नास," मी म्हणाले, आणि त्या क्षणी मला अक्कांच्या त्या दिवशीच्या 'म्हणूनच' या शब्दाचा अर्थ कळला. आपांच्या बटणावर आकडा छापलेला असता, तर त्यांची चूक तिथं सतरंजीवर सगळ्यांना वाचता आली असती. कोऱ्या बटणावर चूक दिसत नाही. आपण तिघी म्हणू तेवढीच त्याची किंमत. इतके दिवस मी त्या बाईला हट्टी समजत होते आणि ती आपल्या मैत्रिणीसाठी जागा राखून बसली होती. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की माझी पानं काय होती तेही मी पाहिलं नाही.

पुढचा तासभर मी आयुष्यातलं सगळ्यात अवघड गणित केलं. आपांनी लाल टाकून "एक" म्हटलं की आम्ही तिघी लाल एक. तेच लाल दुसऱ्या हाताला "पाँच" झालं की आम्ही पाच. मधेच पांढरं दहावर आलं, तेव्हा मावशी चुकून "मगाशी तर..." म्हणाल्या आणि अक्कांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी वाक्याचा खोकला केला. तो डाव आपा जिंकल्या. रीतसर, ढीगभर. चटणीची वाटी हातात घेऊन मुलाला म्हणाल्या, "देखा क्या?"

मुलगा हसला. आपांना दाराशी थांबवून तो मोबाइल विसरल्याच्या निमित्तानं आत आला. जिन्याशी मी होते.

"टीचर," तो हळूच म्हणाला, "शुरू में सफेद एक का बोले थे ना?"

मी गणिताची शिक्षिका. म्हणाले, "नाही. पन्नास."

त्यानं डोळे पुसल्यासारखा चेहऱ्यावरून हात फिरवला. "हौ," म्हणाला. "पचासच होगा."

पुढच्या पाण्याच्या दुसऱ्या दिवशी तो स्वतः आपांना टेंपोतून दारात सोडून गेला. आणि त्या दिवशी अक्कांनी नवा कायदा केला. पत्ते पिसायच्या आधीच म्हणाल्या, "आजपासनं भाव धाकटीनं बोलायचा. आपा, बोल."

"मैं कायकू? छोटी तुम," आपा म्हणाल्या. इतकं विसरल्या होत्या, हे भांडण नव्हत्या विसरल्या.

"न्हाय. मी थोरली हाय," अक्का म्हणाल्या. "माझं केस आधी पिकलं. बोल तू."

चाळीस वर्षांत जे कबूल केलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात देऊन टाकलं. आपा इतक्या खूश झाल्या की त्यांनी चारही बटणांना पन्नासचा भाव दिला. आम्ही तसंच खेळलो.

असं जवळजवळ वर्षभर चाललं. शेवटी शेवटी आपांना माझं नाव आठवायचं नाही, मला कधी सून समजायच्या तर कधी कारखान्यातली पोरगी. पण माझ्या कुडत्याचं बटण सैल दिसलं की दुपट्ट्याची सुई निघायची आणि टाका जिथं पडायचा तिथंच पडायचा. त्यांनी लावलेलं एक बटण अजून माझ्याजवळ आहे. कुडता विरला, बटण नाही निघालं.

थंडीत आपा गेल्या. झोपेतच. अक्का जनाजा निघेपर्यंत त्यांच्या घरी बसल्या, घरी येऊन अंघोळ केली आणि त्या कात्रीला तेल लावत बसल्या. रडताना मी त्यांना पाहिलं नाही. पाणी येऊन जायचं, दुसरा दिवस यायचा, कुणी सतरंजी घालायचं नाही. असे कितीतरी पाण्याचे दिवस गेले. दरम्यान माझी बदलीची ऑर्डर आली.

मी निघायच्या आधीच्या आठवड्यात, पाण्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांनी खालून हाक मारली, "मास्तरीण, ते तुझं आकड्याचं डबडं हाय का अजून? आण की खाली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. कपाटावरची पेटी काढली, धूळ पुसली. खाली मावशी येऊन बसल्या होत्या. सतरंजी घातली होती, एक बाजू मोकळी. अक्कांनी चकत्या स्वतः वाटल्या, प्रत्येकीला दहा दहा. बिस्किटाचा डबा फडताळात वरच्या फळीवर होता, तिकडे त्यांनी बघितलंही नाही.

"आता असूं देत आकडे," म्हणाल्या. "आता कशाला लागत्यात कोरी बटनं?"

आम्ही खेळायला लागलो. भाव बोलायचा नव्हता, तो छापलेलाच होता. कुणाचं काही चुकेना. एक टाकलं की एक, दहा टाकलं की दहा. मी आयुष्यभर ज्या गोष्टीचा आग्रह धरला ती माझ्यापुढे नीट चालली होती आणि मी सतरंजीच्या मोकळ्या बाजूकडे बघत होते. तीन-चार हात झाले. मावशी म्हणाल्या, "समदं बरोबर हाय, तरी करमंना बाई."

अक्कांची चाल होती. त्यांनी आपल्या चकत्यांवरून बोटं फिरवली, आपा फिरवायच्या तशी, एक पांढरी उचलली आणि मधे ठेवली. तिच्यावर काळ्या शाईत ठसठशीत एक छापलेला होता.

"पन्नास," अक्का म्हणाल्या.

मावशींनी पदरानं नाक पुसलं आणि पांढरी चकती पुढं सरकवली. "पन्नासच की."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी पांढरी उचलली, तिच्यावरचा आकडा नीट वाचला आणि मधे ठेवली.

"पन्नास," मी म्हणाले.